माळ्यावरचं मशीन

दिवाळीच्या साफसफाईला माळा काढायचा म्हटलं, की आमच्याकडे सगळ्यात आधी खाली यायचा तो व्हॅक्यूम क्लीनरचा खोका. आणि सगळं आवरून झालं की पुन्हा माळ्यावर जायचा तोही तोच. मधल्या वर्षभरात त्याची आठवणसुद्धा कुणाला व्हायची नाही. खरं सांगा मैत्रिणींनो, तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच आहे ना?

हा पाहुणा आमच्या घरी आला सहा वर्षांपूर्वी, एका दुपारी. टाय लावलेला एक तरुण मुलगा दारात उभा. "ताई, घ्यायचं नाही, नुसतं बघायचं." त्याने आमच्या गादीवरून नळी फिरवली आणि नळीत अडकवलेला पांढरा रुमाल काढून माझ्यासमोर धरला. काळाकुट्ट! शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंना दमा. "आजी रोज यावरच झोपतात का?" एवढंच त्याने विचारलं आणि मी हप्त्याच्या कागदावर सही करून मोकळी झाले.

आज मला वाटतं, ती खरेदी गरजेची नव्हती, लाजेची होती. अहो, कुठल्याही घरातली गादी घ्या, अगदी डॉक्टरांच्या घरातली घ्या, रुमाल काळा होणारच! गादीत धूळ असते, आपल्याच अंगावरून गळणारा कातडीचा कोंडा असतो आणि त्यावर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. त्यात बाईचा आळशीपणा कुठे आला? पण घरात धूळ दिसली की आपल्याला ती आपली चूक वाटते, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

पुढे काय झालं? पहिले पंधरा दिवस हौसेने सगळं घर पिंजून काढलं. मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. आतली पिशवी काढून साफ करायची असते, हे त्या मुलाने घाईघाईत सांगितलं होतं. माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गाद्या साफ करायला मशीन लावलं आणि सासूबाईंना जो खोकला सुरू झाला, तो रात्रभर थांबेना. दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं. पिशवी ठासून भरलेली, फिल्टरवर धुळीचा जाड थर. मशीन पुढून ओढत होतं आणि बारीक धूळ मागून खोलीत सोडत होतं. ज्यांच्या दम्यासाठी आणलं, त्यांच्याच नाकाशी मी धूळ उडवत होते.

गंमत म्हणजे या मशीनचा जन्मच दम्यातून झालेला आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका दुकानात झाडलोट करणारे जेम्स मरे स्पँग्लर दम्याने बेजार होते. झाडू मारला की धूळ उडायची. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे त्यांनी हक्क हूव्हर यांना विकले. म्हणजे धूळ पकडून ठेवणारा तो अभ्रा, हाच या यंत्राचा जीव!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की घेताना मोटरच्या आधी पिशवी आणि फिल्टर बघा. 'इतक्या वॉटचं' असं दुकानदार मोठ्या तोंडाने सांगतो. पण वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं, धूळ किती ओढतं ते नव्हे. १००० वॉटचं मशीन तासभर चाललं की एक युनिट गेलंच. त्याहून मोठं मशीन असेल तर साध्या प्लगवर लावू नका, फ्रिज-गीझरसारखा मोठा प्लग लागतो. घरात दम्याचं माणूस असेल तर हेपा फिल्टर असलेलं घ्या. ०.३ मायक्रॉनचे शंभरातले ९९.९७ कण तो अडवतो. आणि पिशवी, फिल्टर आपल्या गावात मिळतो का, हे आधी विचारा. जिल्ह्याच्या गावाला जाऊन आणावा लागणार असेल, तर तो येणारच नाही, हे अनुभवाने सांगते.

फरशीसाठी तर एवढा खर्च करूच नका. आपल्या फरशीला झाडू आणि ओलं फडकं पुरतं. ओल्या फडक्याने धूळ उडतही नाही. मशीनचं खरं काम गादी, सोफा, पडदे, खिडकीची जाळी आणि पुस्तकांचं कपाट इथे. त्यातही गादीतले सगळे किडे मशीनने जात नाहीत. चादरी, अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेच लागतात. वजन उचलून बघा. एकटीला उचलत नसेल तर ते माळ्यावरच जाणार!

आता निगा. पिशवी गच्च भरायची वाट बघू नका, पाऊण भरली की रिकामी करा, तीही अंगणात, नाकाला रुमाल बांधून. धुता येणारा फिल्टर धुतलात तर दिवसभर वाळू द्या. ओला बसवला तर मोटरची वाट लागते. ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापा. रांगोळी आणि उदबत्तीची राख ओढू नका. बारीक पूड फिल्टर चोंदवते आणि राखेत विस्तव असला तर पिशवीच पेटायची. कोरड्या मशीनने पाणी तर कधीच ओढू नका, शॉक बसेल. चालता चालता मशीन तापून बंद पडलं तर आधी नळीत काही अडकलंय का बघा आणि थंड होऊ द्या.

हे सगळं वाचून म्हणाल, आणखी एक काम वाढलं! अगदी बरोबर. आमचे हे मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगला एअर फिल्टर साफ केला की नाही, हे मेकॅनिकला दोनदा विचारतात. मशीनचा फिल्टर मात्र 'तुझं खातं'! का बरं? धूळ सगळ्यांची, गादी सगळ्यांची, मग पिशवी एकटीची कशी? त्या रात्रीनंतर मी घरात हे सरळ बोलले. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पिशवी हे काढतात, फिल्टर मुलगा धुतो. तेवढा वेळ सासूबाई देवळात जाऊन बसतात. मशीन माळ्यावर नसतं, दाराआड असतं. सासूबाईंचा दमा काही गेलेला नाही, त्याला औषधच लागतं. पण आमच्या मशीनमुळे त्यांना रात्र काढावी लागत नाही.

परवा पुन्हा एक मुलगा दारात आला, हातात पांढरा रुमाल. उन्हातून आला होता, पाणी दिलं. म्हटलं, "बाळा, आमच्या घरात धूळ आहेच, ती दाखवू नकोस. तुझ्या मशीनची पिशवी इथे कुठल्या दुकानात मिळते, तेवढं सांग."