छापले म्हणजे सिद्ध झाले का? ऑस्टिओपथीच्या संशोधनाचा इतिहास

१/ एखाद्या उपचारपद्धतीचे स्वतःचे महाविद्यालय आणि स्वतःचे नियतकालिक असले, की ती शास्त्र ठरते का? ऑस्टिओपथीचा जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. ते तिच्या समर्थकांना रुचणारे नाही आणि टीकाकारांनाही पुरते सोयीचे नाही.

२/ १८६४ मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन वैद्याची तीन मुले मेनिंजायटिसने दगावली. प्रचलित औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी नवा विचार मांडला: हाडे, स्नायू आणि विशेषतः पाठीचा कणा यांतील बिघाडामुळे रक्तप्रवाह अडतो व रोग जडतो, तो बिघाड हातांनी दुरुस्त करावा.

३/ १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी विद्यालय काढले. १८९४ पासून तेथूनच 'जर्नल ऑफ ऑस्टिओपथी' निघू लागले. त्यात गुण आलेल्या रुग्णांच्या हकिकती छापल्या जात. परंतु अशा हकिकतींवरून गुण किती जणांना आला नाही, हे कधीच कळत नाही.

४/ बखर वाचताना ती कोणी आणि कोणासाठी लिहिली, हे इतिहासाचा अभ्यासक आधी पाहतो. मग समकालीन पत्रांशी ती ताडून घेतो. आपल्याच मंडळींनी आपल्याच मंडळींसाठी छापलेल्या वैद्यकीय लेखालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

५/ तरीही स्टिल यांच्या अनुयायांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. अमेरिकन मेडिकल असोसिएशन त्यांना दीर्घकाळ एक पंथ मानून दूर ठेवत होती. बाहेरची दारे बंद असताना स्वतःचे व्यासपीठ उभारण्यावाचून गत्यंतर नव्हते. मात्र टिकून राहण्यासाठी जे पुरेसे होते, ते सिद्धतेसाठी पुरेसे नव्हते.

६/ खरे वळण १९४० च्या दशकात आले. कर्क्सव्हिलच्या जॉन डेन्सलो यांनी कण्यालगतच्या स्नायूंतील विद्युत हालचाली मोजल्या आणि १९४२ मध्ये निष्कर्ष 'जर्नल ऑफ न्यूरोफिजिऑलॉजी'त प्रसिद्ध केले. पुढे अर्विन कॉर हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. या प्रयोगांनी उपचाराचा गुण सिद्ध झाला नाही. पण परक्यांना तपासता येईल असा दावा प्रथमच परक्यांपुढे ठेवला गेला.

७/ १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कंबरदुखीच्या १५५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर ऑस्टिओपथी आणि नेहमीचे उपचार या दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला होता. ऑस्टिओपथीच्या गटाला औषधे मात्र कमी लागली.

८/ २०२१ मध्ये फ्रान्समधील ४०० रुग्णांवरील चाचणी 'जामा इंटर्नल मेडिसिन'ने छापली. जुनाट कंबरदुखीत खऱ्या आणि लटक्या हस्तोपचाराची तुलना केली असता फरक आढळला, पण तो इतका लहान, की रुग्णाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग किती, अशी शंका संशोधकांनीच नोंदवली.

९/ स्टिल यांच्या मूळ दाव्याच्या मानाने हे निष्कर्ष फारच तुटपुंजे आहेत. तरीही ऑस्टिओपथीच्या संशोधनाची खरी प्रतिष्ठा जुन्या हकिकतींपेक्षा यांतच आहे, कारण येथे हरण्याची शक्यता मान्य करून प्रश्न विचारला गेला. कंबर धरून बसलेल्या रुग्णाला संस्थापकाच्या थोरवीशी कर्तव्य नसते. आपल्याला आराम पडेल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. त्याला प्रामाणिक उत्तर मिळते ते अशाच चाचण्यांतून.