काळा भाग म्हणजे रिकामी जागा नव्हे

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतल्या एखाद्या रात्रीच्या फडाचे जुने कृष्णधवल छायाचित्र हाती आले, तर निष्कर्षाची घाई करू नये. अपुऱ्या उजेडात ४०० वेगाची फिल्म १६०० ची मानून वापरली, की तिच्यावर चौथाईच प्रकाश पडतो. ती तूट डेव्हलपरमध्ये फिल्म अधिक वेळ ठेवून भरून काढीत. यालाच ‘पुश’ करणे म्हणत. त्याने उजळ भाग अधिक उजळतो, दाणा जाड होतो. सावलीत जे उमटलेच नाही, ते मात्र कोणत्याही रसायनाने परत येत नाही. दिव्याखालची नर्तकी ठसठशीत दिसते आणि मागचा घोंगडीतला प्रेक्षक नाहीसा होतो. तेवढ्यावरून ‘गर्दी विरळ होती’ असे लिहिणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. मूळ निगेटिव्ह मिळाली तर आधी ती पाहावी. छपाईतही पुष्कळ बुडते.