बावखलाचा गाळ कोणी काढायचा?

१९ जानेवारी २०३८ रोजी मंगळवार आहे. त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील, तेव्हा जगभरातील असंख्य जुन्या संगणकयंत्रांची कालगणना संपुष्टात येईल. नालासोपाऱ्याच्या फलाटावर चर्चगेटच्या गाडीत पाय टेकण्यापुरतीही जागा मिळत नाही, तीच ही वेळ. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्यासाठी या यंत्रांत ३२ बिटांची जागा राखलेली होती. ती त्या क्षणी भरेल आणि पुढच्या सेकंदाला यंत्राला १९०१ साल दिसू लागेल.

या अरिष्टाची पूर्वतयारी कोणा मंत्रालयाने किंवा बड्या कंपनीने एकहाती केलेली नाही. 'डेबियन' ही मुक्त कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, सांभाळणाऱ्या मंडळींनी २०२४ साली ३२ बिटांच्या यंत्रांसाठी शेकडो सामायिक लायब्रऱ्यांची नावे बदलली, त्या नव्याने बांधल्या आणि त्यांच्यावर विसंबून असलेले हजारो प्रोग्राम पुन्हा जुळवून घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. या मंडळींत बहुसंख्य स्वयंसेवक आहेत. वर्तमानपत्रांतून या कामाचा अवाक्षरानेही उल्लेख झाला नाही, यात नवल नाही. नळाला पाणी येते तोवर जलवाहिनीची बातमी होत नसते.

सामायिक लायब्ररी म्हणजे काय, हे वसईकरांना समजावून सांगणे अवघड नाही. वसईच्या पट्ट्यात बावखले होती, काही ठिकाणी अजूनही आहेत. पावसाचे पाणी त्यांत मुरे, भोवतालच्या विहिरींना त्याचा आधार असे आणि वाड्यांना तेच पाणी मिळे. प्रत्येक घराने आपापला तलाव खोदण्याचे कारण नव्हते. संगणकातही अक्षरे पडद्यावर उमटविणे, फाइल उघडणे, मजकूर गुप्त करून पाठविणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती एकदाच लिहून एका ठिकाणी ठेवायची आणि सर्वांनी तेथून घ्यायची, ही ती व्यवस्था. स्मृतीत एकच प्रत असते आणि तिच्यावर शंभर प्रोग्राम चालतात. त्यात दोष आढळला, तर तो एका जागी दुरुस्त केला की शंभरांचे काम भागते. पण पाण्यात विष कालवले गेले, तर तेही शंभरांच्या घरी पोहोचते.

ही लायब्ररी कोणत्या क्रमाने, कशापासून आणि कशी बांधायची, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. तिला मेकफाइल म्हणतात. 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केले. त्याला निमित्त अगदी किरकोळ घडले. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्राममधील चूक सुधारली होती, परंतु सुधारलेला भाग पुन्हा बांधून घेण्याचे राहून गेले आणि बिनचूक मजकुरात चूक शोधण्यात त्याची सबंध सकाळ वाया गेली. मेकफाइलीतील नियम सांगतो, की अमुक वस्तू तमुक वस्तूंपासून बनते. मूळ वस्तू नंतर बदललेली असेल तर पुढील आज्ञा पाळून ती पुन्हा बनवावी. आज्ञेची ओळ 'टॅब'ने सुरू झाली पाहिजे, कोऱ्या जागांनी नव्हे, हा तिचा विचित्र दंडक. तो चुकीचा असल्याचे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांची सोय सांभाळण्याची किंमत जगातील प्रोग्रामर पुढची पन्नास वर्षे मोजीत आले आहेत.

तथापि खरे कष्ट टॅबमध्ये नाहीत, ते पुढे आहेत. लायब्ररीच्या नावाला एक क्रमांक जोडलेला असतो. जुन्या प्रोग्रामांना दिलेले वचन मोडेल असा बदल झाला तर हा क्रमांक बदलावा लागतो. वचन कायम असताना तो विनाकारण बदलला तर हजारो प्रोग्राम अकारण पुन्हा बांधावे लागतात. लिनक्सवरील 'सी' भाषेच्या मूळ लायब्ररीचे नाव १९९७ पासून ६ या क्रमांकावर स्थिर आहे. तिच्या आत अखंड बदल होत असताना बाहेरचे वचन एवढी वर्षे न मोडणे हे श्रमाचे काम आहे, आणि त्या श्रमाचे कोणतेही दृश्य फळ नसते. यंत्र बदलते, भाषांतर करणारा कंपायलर बदलतो आणि काल चालणारा नियम आज अडतो. तो कोणीतरी बसून दुरुस्त करतो. त्याने काम नीट केले, तर त्याने काही केले असे कोणाच्या लक्षातच येत नाही. घरकाम करणारी स्त्री आणि गटारे साफ करणारा कामगार यांच्या श्रमांचे मोल समाज ज्या कारणाने विसरतो, त्याच कारणाने हेही विसरले जाते. अर्थात दोघांच्या हालांची तुलना येथे अभिप्रेत नाही.

या विसराचा फायदा कोण उठवितो, ते २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. 'एक्सझेड' ही फाइली दाबून लहान करण्याची लायब्ररी फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळीत होते. आपले मानसिक स्वास्थ्य बरे नाही आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे, असे त्यांनी जून २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले होते. उत्तरादाखल काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर दिरंगाईचा ठपका ठेवला आणि सूत्रे दुसऱ्याकडे द्या, असा धोशा लावला. 'जिया टॅन' या नावाने वावरणारी एक व्यक्ती मदतीला आधीच हजर होती. दोन-अडीच वर्षे तिने इमानाने काम केले, विश्वास संपादन केला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला.

तो कोठे बसविला, हे कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. सर्वांना वाचता येणाऱ्या मूळ मजकुरात तो नव्हता. तो होता बांधणीच्या नियमांत. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात एक जादा तुकडा घातलेला होता. लायब्ररी बांधली जात असताना तो मेकफाइल गुपचूप बदलून घेई आणि चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींतून लपविलेला भाग काढून लायब्ररीत मिसळून देई. मूळ मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचणारे थोडेफार तरी असतात; बांधणीचे कंटाळवाणे नियम वाचणारा विरळाच. ही फट हल्लेखोराने नेमकी हेरली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जादा लागतो आहे असे जाणवले, त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च रोजी भांडे फोडले. तोवर हा चोरदरवाजा डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता, मुख्य आवृत्त्यांपर्यंत नव्हे. जगातील असंख्य सर्व्हर यंत्रे वाचली ती एका माणसाच्या चौकसपणामुळे. 'जिया टॅन'मागे कोण होते, ते उघड झालेले नाही.

भांडवलदारी जगाचे वर्तन याबाबत सुसंगत आहे. २०१४ साली 'ओपनएसएसएल' या गुप्तलेखनाच्या लायब्ररीत भयंकर दोष सापडला, तेव्हा कळले की जगाचा ऑनलाइन व्यापार जिच्यावर चालतो त्या लायब्ररीला वर्षाकाठी सुमारे २ हजार डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. बोभाटा झाल्यावर बड्या कंपन्यांनी काही निधी उभा केला. स्वतःची गरज असते तेथे त्या हात आखडत नाहीत. अँड्रॉइडसाठी गूगलने मेक बाजूला सारून २०१६ पासून आपली स्वतंत्र बांधणीपद्धत आणली. पगारी अभियंत्यांची फौज असलेल्याला ते परवडते. सार्वजनिक तळ्यातून पाणी उपसायचे आणि गाळ काढायची वेळ आली की परोपकारी माणसाची वाट पाहायची, हा नफ्याचा जुनाच हिशेब आहे.

आपल्या सरकारचे वर्तनही फारसे निराळे नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या पायावर 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली तयार केली, तिची पहिली आवृत्ती २००७ साली आली. डेबियनच्या प्रत्येक मूळ गठ्ठ्यात 'रूल्स' नावाची एक फाइल असते आणि ती मेकफाइलच असते. म्हणजे 'स्वदेशी' म्हणून मिरविल्या जाणाऱ्या या प्रणालीच्या बुडाशी जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेले हजारो बांधणीचे नियम आहेत. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु त्या नियमांच्या देखभालीत भारताचा वाटा किती, हा प्रश्न विचारला जात नाही. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. त्याच्या नावातच 'स्वीकार' हा शब्द आहे आणि भरही वापरावरच आहे. परवान्याचे पैसे वाचले, एवढ्यावर समाधान मानले गेले. सी-डॅकच्या भरतीच्या जाहिरातींत मुदतीच्या कंत्राटी पदांची रांग असते. जे काम पिढ्यान् पिढ्या चालायचे, त्यासाठी दोन-तीन वर्षांचा माणूस नेमायचा, यातील विसंगती कामगार चळवळीला तरी जाणवली पाहिजे.

काही साथी म्हणतील, की नालासोपाऱ्यात पाणी, गाडी आणि घर हे प्रश्न आ वासून उभे असताना ही मध्यमवर्गीय चैन कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. पण रेशन, पगार, पास, दवाखान्याचा केसपेपर हे सारेच संगणकावर गेले आहे, तेव्हा तो आता मध्यमवर्गाचा प्रश्न उरलेला नाही. चळवळीने संगणकाकडे दीर्घकाळ नोकऱ्या खाणारे यंत्र म्हणूनच पाहिले. १९८३ चा बँक कर्मचाऱ्यांचा यांत्रिकीकरणाचा करार याच चिंतेतून झाला, आणि ती चिंता खोटी नव्हती. मात्र यंत्र आल्यावर ते कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या श्रमावर चालणारे, हा पुढचा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर सोपाऱ्याच्या इतिहासातच पडून आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. त्याने शूर्पारकासह चार ठिकाणी धर्मशाळा बांधल्याचे आणि तळी व विहिरी खोदविल्याचे त्यांत नमूद आहे. त्याची संपत्ती कोठून आली हे वेगळे सांगायला नको. तरीही त्याच्या व्यवहारातील एक गोष्ट घेण्याजोगी आहे. लेणे दान करून तो थांबला नाही. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३ हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली: २ हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, १ हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळत.

जर्मनीने २०२२ साली एक सरकारी निधी सुरू केला आणि त्यातून मुक्त सॉफ्टवेअरच्या पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीला पैसे दिले जातात. भारतात २०२४ साली एका खाजगी दलाली कंपनीने वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तो स्वागतार्ह आहे. पण सार्वजनिक तळ्याची देखभाल शेअर बाजारातील कमाईच्या मर्जीवर सोडणे समाजवाद्यांना मान्य होण्यासारखे नाही. सरकारी खात्यांचा परवान्यांवरील जो खर्च मुक्त सॉफ्टवेअरमुळे वाचतो, त्याचा ठराविक हिस्सा अक्षयनीवी म्हणून वेगळा काढावा आणि त्यातून कायम पदांवर देखभाल करणारे नेमावेत, ही मागणी पक्षाने संसदेत लावून धरली पाहिजे. दुसरी मागणी लहान आहे आणि तिला दिल्लीची गरज नाही. वसई-विरार महापालिकेच्या ज्या ज्या संगणकीय कामांत मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाईल, तेथे ठेकेदाराने केलेल्या दुरुस्त्या, बांधणीच्या नियमांसकट, मूळ प्रकल्पाकडे परत पाठविल्याच पाहिजेत, अशी अट निविदेत घालावी. एका परिच्छेदाची ही अट आहे. ती सभागृहापुढे मांडण्यासाठी नालासोपाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.