जाहीर पाठिंबा (खासगी)

माणसाला पाठिंब्याची गरज आयुष्यात दोनदा लागते. एकदा वर्षाचा असताना, भिंतीला धरून उभं राहायच्या वेळी. आणि दुसऱ्यांदा महापालिकेला उभं राहायच्या वेळी. पहिल्या वेळी भिंत काही विचारत नाही. दुसऱ्या वेळीही भिंतीने काही विचारू नये, अशी उमेदवाराची अपेक्षा असते. माझं भांडण आहे ते या अपेक्षेशी.

आमच्या पिंपरी-चिंचवडला निवडणुकीची भूक किती लागली होती, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. २०१७ साली महापालिकेची निवडणूक झाली, मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मग जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचं राज्य. १५ जानेवारी २०२६ला मतदान होईपर्यंत इथली इच्छुक मंडळी नुसत्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तग धरून होती. त्यात आमच्याकडे प्रभाग चारचा. बत्तीस प्रभाग, एकशे अठ्ठावीस जागा. म्हणजे एका मतदाराची मतं चार, आणि त्या चार मतांसाठी दाराशी येणाऱ्या माणसांची संख्या त्रैराशिकानेसुद्धा काढता यायची नाही. आमच्या सौ.ने शेवटी दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवली. तेव्हापासून ते कडी वाजवू लागले.

या गावाची मतं घाऊक भावाने मिळतात, अशी एक समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. मूळ गाववाले सोडले तर इथला प्रत्येक माणूस कुठून तरी कारखान्याचा भोंगा ऐकून आलेला. एच.ए. आली, टेल्को आली, बजाज आली आणि त्यांच्यामागून सातारा, सांगली, खान्देश, मराठवाडा आणि थेट केरळ आलं. आलेल्या प्रत्येकाने आधी खोली घेतली आणि मग मंडळ काढलं. उमेदवाराची पद्धत ठरलेली : मंडळ गाठायचं, मंडळाचा अध्यक्ष गाठायचा, शाल, श्रीफळ, एखाद्या सभागृहाचं आश्वासन, आणि दुसऱ्या दिवशी छापून आणायचं, ‘अमुक समाजाचा भाऊंना जाहीर पाठिंबा’. समाजातल्या उरलेल्या माणसांना हा पाठिंबा आपण दिल्याचं पेपरातूनच कळतं.

आता माझा भाचा. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीत आहे आणि राहायला आमच्याकडे, प्राधिकरणात आहे. तो समलिंगी आहे. ही बातमी आमच्या घरात आता इतकी जुनी झाली आहे की तिच्यावरून भांडायलाही कोणी उरलेलं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याची मंडळी आमच्या सौ.च्या शिकवणीच्या खोलीत जमतात. पंधरा-वीस जण असतात. कोणी भोसरीत सी.एन.सी. मशीन चालवतो, कोणी हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतं, एक शाळेतली बाई आहेत, आणि मोशीहून एक तृतीयपंथी ताई येतात, ज्यांच्यापुढे आमच्या सौ.चाही आवाज चढत नाही. ही मंडळी इथे जमतात, कारण हॉल मागायला गेलं की ‘संस्था कसली?’ या प्रश्नावर फॉर्म अडतो. सोसायटीतले लोक त्यांना दहावीची जादा बॅच समजतात. दहावीला एवढ्या वयाची मुलं कशी, असं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. आमच्या सोसायटीचा शिक्षणावर विश्वास मोठा.

तर डिसेंबरातल्या एका संध्याकाळी एक कार्यकर्ता कडी वाजवून आत आला.

“काका, तुमच्याकडे ते एल.बी.टी.वाले जमतात ना?”

मी म्हटलं, “अरे बाबा, एल.बी.टी. बहुतेक व्यापाऱ्यांपुरता २०१५ सालीच गेला. जकात त्याच्याही आधी गेली. आता कशाला उकरून काढतोस?”

तो बिचारा गोंधळला. खिशातून चिठ्ठी काढून त्याने वाचलं, “एल.जी.बी.टी.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, “भाऊंना त्यांचा पाठिंबा पाहिजे.”

एका ‘ग’ची तर चूक होती. औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या पोराला माणसांपेक्षा कराची आठवण आधी यावी, यात त्याचा दोष नाही.

भाऊ रविवारी आले. (त्यांचं नाव-पक्ष मी लिहीत नाही. लिहिलं तर उरलेल्या पक्षांना वाटेल की आपण सुटलो.) बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, “समाजाचे अध्यक्ष कोण?”

“अध्यक्ष नाही.”

“सेक्रेटरी?”

“तोही नाही. पोह्यांचं तेवढं मामी बघतात,” भाचा म्हणाला.

भाऊंना हे पटलं नाही, पण सोडून दिलं. पुढचा प्रश्न कार्यकर्त्याने विचारला, “टोटल मतं किती?”

हा प्रश्न असभ्य आहे म्हणावं, तर निवडणुकीत दुसरा कुठला प्रश्न सभ्य असतो? पण त्याचं उत्तर खरोखर अवघड आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ४०,८९१ माणसं ‘इतर’ या रकान्यात नोंदली गेली. २०१९च्या लोकसभेला राज्याच्या मतदारयादीत तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार होते जेमतेम दोन हजारांच्या वर. उरलेले कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. कोणी अजून पुरुष म्हणून यादीत आहेत, कोणी बाई म्हणून आहेत, कोणाला राहत्या पत्त्याचा कागदच मिळत नाही. आणि माझ्या भाच्यासारख्यांसाठी तर रकानाच नाही. तो यादीत नुसता ‘पुरुष, वय ३१’ आहे. जी माणसं घरच्यांनीही मोजलेली नाहीत, ती कार्यकर्त्याला कोण मोजून देणार?

मग भाऊंनी कामाचं काढलं. पत्र पाहिजे. पत्रावर सह्या, पूर्ण नावं, मोबाइल नंबर आणि यादीतला भाग क्रमांक.

“छापणार कुठे?” शाळेतल्या बाईंनी विचारलं.

“छे छे, छापणार नाही!” भाऊ घाईने म्हणाले. “ते फक्त वरती दाखवायला. आमच्याकडे गाववाली माणसं आहेत, वारकरी माणसं आहेत. त्यांना चालायचं नाही. तुम्ही समजून घ्या.”

मोशीच्या ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, मी सात वर्षं पायी वारी करते. तिथे मला कुणी भाग क्रमांक विचारला नाही.”

यावर खोलीत हसू झालं, भाऊही हसले. हसायचं थांबलं ते सी.एन.सी.वाल्या मुलाने तोंड उघडलं तेव्हा. तो फार बोलत नाही. म्हणाला, “भोसरीत मी ज्या खोलीत राहतो, तिचे मालक तुमचे बूथप्रमुख आहेत.”

“मग तर घरचीच गोष्ट झाली!” भाऊ म्हणाले.

वाचकहो, मी या वाक्यापाशी थोडा थांबणार आहे, कारण माझी सगळी तक्रार या वाक्यात आहे. भाऊ वाईट माणूस नाही. त्यांना खरोखर कळलं नाही. त्यांच्या लेखी सही म्हणजे सही. त्या मुलाच्या लेखी ती सही म्हणजे खोली, डिपॉझिट आणि गावाकडे आईला जाणारा एक फोन. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राजीखुशीने असं नातं ठेवणाऱ्या दोन प्रौढ माणसांना गुन्हेगार म्हणता येणार नाही. पण घरमालक काही निकालपत्र वाचून भाडेकरू ठेवत नाहीत. म्हणजे बघा : ज्याला मतं मिळणार तो म्हणतो, माझं नाव तुमच्याबरोबर कुठे दिसू नये. आणि ज्याचं छप्पर जाणार त्याने मात्र नाव, नंबर, भाग क्रमांक लिहून द्यायचा. जाहीर पाठिंबा म्हणे! जाहीर कोणी व्हायचं? पाठिंबा देणाऱ्याने. खासगी कोणी राहायचं? घेणाऱ्याने.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी (त्यांना मी सगळं सांगितलं, दहावीच्या बॅचसकट) म्हणतात, “अहो, निदान आले तरी. एवढं तरी कोण करतं?” हे ‘निदान’ मध्यमवर्गाचं फार आवडतं क्रियाविशेषण आहे. नळाला निदान पाणी येतं, लोकल निदान उभं राहायला मिळते. माझं म्हणणं, येण्याबद्दल उपकार मानायचे दिवस गेले. शरद पवारांच्या राष्ट्रवादीने ऑक्टोबर २०२०मध्ये एल.जी.बी.टी. लोकांसाठी पक्षाचा स्वतंत्र सेल काढला, उघड, पत्रकार बुलावून. सुप्रिया सुळ्यांनी २०२२ साली समलिंगी विवाहाला मान्यता देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. तेही आमच्याच जिल्ह्यातल्या बारामतीच्या खासदाराने. त्याचं पुढे काय झालं, हा भाग वेगळा; पण त्यांच्या वारकरी मतदारांनी म्हणून त्यांना वाळीत टाकल्याचं काही ऐकिवात नाही. २०२४ला त्या पुन्हा निवडून आल्या.

आणि उपकाराचंच म्हणाल तर उमेदवाराच्या हातून आशीर्वाद न घेता स्वतःच उभं राहून निवडून येणारी माणसंही आहेत. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. तिथे २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे, गावाची ‘माउली’, थेट सरपंच झाली. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटलांचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद केला, का तर जागा बाईची आणि त्या तृतीयपंथी. त्या औरंगाबादच्या खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१मध्ये अर्ज मंजूर करून आणला आणि त्याच महिन्यात निवडून आल्या. (त्याच्या वीसेक वर्षं आधी मध्य प्रदेशातल्या कटनीत कमला जान महापौर झाल्या होत्या. तिथेही जागा बाईची होती, आणि कोर्टाने निवडणूकच रद्द केली. कोर्टंसुद्धा शिकतात, उमेदवारांना थोडा जास्त वेळ लागतो.)

आता भाऊंच्या भाषणातला एक मुद्दा. ते म्हणाले, “आपल्या महापालिकेने तुमच्यासाठी केवढं केलं!” केलं, खरंच केलं. २०२२मध्ये तृतीयपंथी माणसांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, पेन्शनची योजना आणली. देशभर कौतुक झालं. मोरवाडीच्या मुख्य इमारतीच्या दारात गणवेशातल्या ताई उभ्या बघून आमच्यासारख्यांची छाती भरून आली. पण भाऊ, २०२२ सालच्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात महापालिकेत नगरसेवक होते कुठे? एकही नव्हता! सही आयुक्तांची होती. एकशे अठ्ठावीस जण घरी बसले होते, तेव्हा हे काम झालं, आणि त्याची पावती फाडायला मात्र एकशे अठ्ठावीसच्या चौपट इच्छुक आले.

यावरून नगरसेवक नकोतच, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. आयुक्त बदलून जातो. त्याच्या हुकमावर मिळालेली नोकरी त्याच्या बदलीनंतर कोणाच्या तरी टेबलावर कागद होऊन पडते. सर्वसाधारण सभेचा ठराव मोडायला सभेत हात वर करावा लागतो, नावानिशी. म्हणून नगरसेवक हवा. पण शाल देणारा नको, ठराव मांडणारा हवा.

लग्नाचा विषय कुणीतरी काढला, तेव्हा भाऊंना हायसं वाटलं. “ते दिल्लीचं आहे!” बरोबर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने तो चेंडू संसदेकडे टोलवला आहे आणि आमच्या प्रभागातून तो अडवता येणार नाही. उमेदवारांना असे मोठे, लांबचे प्रश्न फार आवडतात. हळहळता येतं, करावं काही लागत नाही. पण भाच्याने काढलेल्या कागदावर लग्न नव्हतंच. चार कलमं होती. २०२२च्या नोकऱ्या आणि पेन्शन यांना सभेच्या ठरावाचा आधार द्यावा. महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढताना ताईंना चार माणसांत ‘बाईच्या रांगेत का पुरुषाच्या’ असं ओरडून विचारू नये. महापालिकेच्या इमारतींत त्यांना जाता येईल असं एक स्वच्छतागृह असावं. आणि महिन्यातून एकदा दोन तास एखादा हॉल नियमाप्रमाणे भाडं घेऊन मिळावा.

खाली मजकूर होता : ‘वरील कामांना माझा जाहीर पाठिंबा आहे.’ आणि त्याखाली सही, पूर्ण नाव, मोबाइल नंबर, प्रभाग क्रमांक.

“पाठिंब्याचं पत्र तुम्ही द्या, भाऊ,” भाचा म्हणाला. “आमच्यात कोणाला छापायची हौस नाही, पण तुमचं आम्ही छापू.”

भाऊंनी कागद दोनदा वाचला. एकूण खर्च किती होईल, हे त्यांनी मनात मांडलं असावं. तो एका चौकातल्या कारंज्याहून कमी होता, हे मी पैज लावून सांगतो. मग त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, “वरती विचारून सांगतो” म्हणाले आणि पोह्यांची दुसरी बशी घेतली. जाताना कार्यकर्ता जिन्यात मला हळूच म्हणाला, “काका, मागणी तशी चुकीची नाही. पण सही मागायची काय गरज होती?”

मी त्याला म्हटलं, “हेच मगाशी भाऊंना का नाही म्हणालास?”

निवडणूक झाली. आमच्या प्रभागातून नियमाप्रमाणे चौघे निवडून आले. त्या चौघांनाही भाच्याने त्याच कागदाची एकेक प्रत पोस्टाने, पोचपावतीसह, पाठवली आहे. चारही पोचपावत्या आल्या. त्यांतल्या तिघींवर नगरसेवकांच्या कार्यालयातल्या पोराची सही आहे, चौथीवरची कोणाचीच लागत नाही.