चौदा दिवसांचा धीर

वाचक भगिनींनो, लोअर परळच्या आपल्या वस्तीपासून महापालिकेचे केईएम रुग्णालय काही फार दूर नाही. याच रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली. वैज्ञानिक नोंदी पूर्ण असलेली ती देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामाचे ते फळ होते. पुढे २०१६ मध्ये ती मुलगी स्वतः आई झाली. आज हा उपचार गावोगावी पोहोचला आहे. कामगारांच्या घरांतही दागिने मोडून, पतपेढीचे कर्ज काढून तो घेतला जातो.

काचेच्या नळीत मूल वाढते, असा समज अजून काही घरांत आहे. तसे नसते. स्त्रीबीज व पुरुषबीज प्रयोगशाळेत एकत्र आणतात आणि तयार झालेला गर्भ बहुधा तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. काम थोड्या मिनिटांचे. त्यानंतर साधारण नऊ ते चौदा दिवसांनी रक्त तपासतात. मधल्या या दिवसांत डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसते. आज आम्हांला या दिवसांविषयीच बोलायचे आहे.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत सून चार दिवस कामावर गेली नाही की मजल्यावर बातमी होते. सासूबाई म्हणतात, जिना उतरू नकोस. शेजारीण विचारते, पपई तर नाही ना खाल्लीस? नणंदेचा रोज फोन, काही कळलं का गं? सगळ्यांची माया खरी असते. पण त्या प्रत्येक सल्ल्यात एक बोल दडलेला असतो, की काही बिघडले तर ते तुझ्यामुळे. ती बाई मग शिंकायलासुद्धा भिते.

म्हणून हे नीट समजून घ्या. गर्भ ही पिशवीतून निसटून पडणारी वस्तू नव्हे. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना लागून असतात. चालल्याने, जिना चढल्याने, खोकल्याने गर्भ खाली पडत नाही. दिवसभर अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढते, असे संशोधनात आढळलेले नाही. फार जड उचलू नये, बाकी नेहमीची हलकी कामे करावीत. गर्भ रुजत नाही त्याचे मोठे कारण बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतच असते. तो आत सोडण्यापूर्वीच ते ठरून गेलेले असते. आईचे वय वाढते तसे असे गर्भ अधिक निघतात. त्यात पपईचा आणि जिन्याचा काय दोष?

छाती दुखणे, पोट जड होणे, पाळी लांबणे यांवरूनही काही ठरवू नका. या दिवसांत दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या औषधानेही तसे होते. औषधाच्या दुकानातील पट्टीची घाई नको. बीजे पक्व होण्यासाठी दिलेल्या एचसीजी इंजेक्शनचा अंश अंगात उरला असेल तर पट्टी खोटे ‘होय’ सांगते. फार लवकर पाहिले तर खोटे ‘नाही’ सांगते. त्या ‘नाही’मुळे किंवा थोडे रक्त दिसले म्हणून आपल्या मनाने औषधे बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. मात्र पोटात तीव्र दुखले, पोट फुगले, दम लागला, लघवी कमी झाली, ताप आला किंवा रक्त जास्त गेले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी पेढे वाटण्याची घाई नको. दोन दिवसांनी पुन्हा तपासून आकडा वाढतो का ते पाहतात. पुढे दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफीत ठोका दिसला की जिवात जीव येतो.

१९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी नवस-सायास, अंगारे-धुपारे सोडले. पण ‘वांझ’ हा शब्द आपल्या घरांतून गेला आहे काय? देवीचा कोप म्हणणे थांबले, ‘तिच्यातच काहीतरी आहे’ म्हणणे मात्र थांबलेले नाही. वास्तविक मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते, कधी एकटे, कधी जोडीने. तरीही बहुतेक इंजेक्शने तिलाच, आणि बोलही तिलाच. हे आपल्या घरात चालता कामा नये.

पतीराजांनाही दोन गोष्टी सांगतो. रिपोर्ट आणायला तिला एकटीला पाठवू नका. बातमी कोणाला, कधी सांगायची ते दोघांनी आधी ठरवा आणि नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. किती खेपा करायच्या, किती खर्च झेपेल, हेही उपचार सुरू होण्यापूर्वीच बोला. २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्र नोंदणीकृत असावे लागते. स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. नोंदणी विचारण्यात संकोच कसला?

चांगल्या केंद्रातही अनेकदा ‘नाही’ असेच उत्तर येते. त्या संध्याकाळी सासूबाईंनी ‘आता पुढे काय?’ विचारू नये. सुनेच्या हातचा चहा मागू नये. एक कप करून तिच्या हातात द्यावा आणि जवळ बसावे.