वाडी आणि वेगवान मोटार

श्रीवर्धनच्या वाडीत वाढलेला तरुण मुंबई-पुण्यात नावारूपाला येतो, गाठीला पैसा जमतो आणि ताशी तीनशे किलोमीटर धावणारी परदेशी मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न घरात उभा राहतो. या इच्छेला पाप म्हणण्याचे कारण नाही. अर्थ आणि काम हेही आपल्याकडे पुरुषार्थच मानले आहेत. धर्माची चौकट सुटू नये, एवढेच.

परंतु अशी मोटार फुकट मिळाली तरी फुकट पडत नाही. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये फेरारी भेट मिळाली. तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयातशुल्क माफ होणार म्हणताच गदारोळ उठला. अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. पुढे २०११ मध्ये सचिनने ती विकली. सामान्य ग्राहकाला तर शुल्क चुकत नाहीच. शिवाय ती चालवायची कुठे? माणगाव-म्हसळ्याच्या वळणांवर जमिनीलगतचे तिचे पोट पहिल्या खड्ड्यातच घासणार!

इकडे ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. रोठा सुपारीची नवी पोफळ फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर शिंपणे, खत, मजुरी हा सारा खर्चच. वृद्ध वडील मुलाकडे तो मागत नाहीत. ज्याने न मागता तो उचलला, त्याने खुशाल मोटार घ्यावी. ज्याच्या वाडीतील आळी अजून रिकामी आहेत, त्याने शोरूमची पायरी चढण्यापूर्वी एकदा श्रीवर्धनला जाऊन यावे, तेही एस.टी.ने.