७८ दिवसांचा बोनस की ३० दिवसांचा?



दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांत ठळक मथळा येतो, 'रेल्वे कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांचा बोनस'. शेजारी पेढे मागतात, वाणी थकलेल्या उधारीची आठवण करून देतो. अडीच महिन्यांचा पगार एकदम हाती पडला, असा साऱ्या गावाचा समज होतो. प्रत्यक्षात हाती पडतात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. मग ७८ दिवस गेले कुठे?

हिशेब सोपा आहे, पण तो आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. बोनस काढताना सरकार आपला खरा पगार धरतच नाही. मूळ वेतन कितीही असो, ते महिना ७,००० रुपयेच आहे असे मानले जाते. ७,००० गुणिले १२, भागिले ३६५, म्हणजे दिवसाला २३० रुपये. त्याचे ७८ दिवस केले की १७,९५१ होतात. आता खरा पगार धरून पाहा. सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ वेतन १८,००० ठरवले. त्या हिशेबाने नवीन ट्रॅकमनचे ७८ दिवसांचे ४६,१५९ रुपये होतात. म्हणजे त्याला मिळतो तो ७८ नव्हे, ३० दिवसांचा बोनस. ३५,४०० मूळ वेतनाच्या स्टेशन मास्तरला तर १५ दिवसांचाच पडतो. यात महागाई भत्ता आम्ही धरलेलाही नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि तोही अपुराच होता. रात्री पावसात रुळावर गस्त घालणाऱ्याच्या दिवसाची किंमत मात्र सरकार २३० करते!

हे ७,००० आले कुठून? सहाव्या वेतन आयोगात किमान वेतन ७,००० होते. २०१५ साली बोनस कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिशेबाची मर्यादा ३,५०० वरून ७,००० झाली. ती १ एप्रिल २०१४ पासून लागू धरली गेली. १ जानेवारी २०१६ पासून सातवा आयोग आला, किमान वेतन १८,००० झाले, पण बोनसचा आकडा जागचा हलला नाही.

यातली खरी गोम पुढे आहे. कायद्याने मर्यादा घालताना '७,००० किंवा त्या धंद्यातील किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते' असे म्हटले होते. आपण मागणी केली की सांगितले जाते, १९६५ चा बोनस कायदा सरकारी खात्यांना लागू नाही. ठीक आहे. मग त्याच कायद्यातली मर्यादा आम्हांला का लावता? आणि लावायचीच तर 'जे जास्त असेल ते' हे शब्द का गाळता? कायद्यातला काटा आमच्या पायात आणि फूल दुसऱ्याच्या हाती, हा कुठला न्याय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि जुना बोनस कायदा तिच्यात सामावला. संहितेत ७,००० हा आकडाच नाही. मर्यादा सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. आपल्या बोनसला तर संसदेतही जावे लागत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. अडचण कायद्याची नाही, इच्छेची आहे.

काही जण म्हणतात, बोनस म्हणजे बक्षीस, देतील ते मुकाट्याने घ्यावे. आम्हांला हे मान्य नाही. बोनस हे उशिरा दिलेले वेतन आहे. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठीच संप केला. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपातही बोनस ही प्रमुख मागणी होती. वीस दिवस गाड्या थांबल्या, हजारो तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. १९७९-८० पासून रेल्वेला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळाला, तो त्या त्यागातून.

आणि उत्पादकतेचे म्हणाल, तर २०२४-२५ मध्ये रेल्वेने १६१ कोटी टनांहून अधिक माल आणि सुमारे ७३० कोटी प्रवासी वाहून नेले. मालाचा विक्रम झाला म्हणून सरकारने पाठ थोपटून घेतली. पण २०१०-११ पासून दिवस ७८ चे ७९ झाले नाहीत आणि २०१४-१५ पासून रक्कम एका रुपयाने वाढली नाही. उत्पादकता वाढते, बोनस गोठतो. मग जोडले कशाला?

पोस्टातील बांधवांची गत याहून बरी नाही. त्यांचे दिवस ६०, हिशेब त्याच ७,००० चा, रक्कम १४ हजारांच्या आत. ग्रामीण डाक सेवकाच्या कमाईला तर सरकार वेतनही म्हणत नाही, भत्ता म्हणते.

खजिन्यावर भार पडेल, असे उत्तर येईल. २०२५ च्या बोनसला १,८६५ कोटी ६८ लाख रुपये लागले, ते १० लाख ९१ हजार कर्मचाऱ्यांत वाटले गेले. खरे वेतन धरले तर खर्च वाढेल, हे आम्ही नाकारत नाही. पण भार पेलवत नसेल तर मथळ्यात ७८ दिवस छापू नका; ३० दिवस छापा, लोकांना खरे कळू द्या.

थोडा दोष आपलाही आहे. पैसे खात्यात जमा झाले की आपण पगारपत्रक उघडूनही पाहत नाही. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला. पगार वाढेल, पण ७,००० ची मर्यादा राहिली तर ३० दिवसांचे २० दिवस व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून प्रत्येक शाखेने दोन मागण्यांचा ठराव करावा: बोनसचा हिशेब प्रत्यक्ष मूळ वेतनावर व्हावा आणि दिवस उत्पादनाच्या प्रमाणात वाढावेत. कल्याण, भुसावळ, नागपूर असो की इटारसी, हुबळी. रेल्वे असो की पोस्ट. मागणी एकच असू द्या.

येत्या दसऱ्याला कोणी पेढे मागितले तर जरूर द्या. पण सोबत हा हिशेबही सांगा.